देव आहेत, दप्तर नाही

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईच्या पूर्वेला चिंचोटीचा फाटा लागतो. तेथून एक रस्ता कामणमार्गे भिवंडीकडे वळतो आणि पाठीशी तुंगारेश्वराची डोंगररांग उभी असते. पावसाळ्यातल्या रविवारी या फाट्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. धबधब्यात भिजण्यासाठी अर्धी मुंबई येथे लोटते. पाऊस सरला की गर्दी ओसरते आणि खडी, माती, सिमेंट वाहणाऱ्या डंपरांची रांग तेवढी मागे राहते. धबधबा आणि डंपर या दोनच गोष्टींसाठी चिंचोटी ओळखली जावी, यापरते त्या भूमीचे दुर्दैव ते कोणते? कारण ही भूमी आज-काल वसलेली नाही. येथून काही कोसांवर शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे आहे. सम्राट अशोकाचा शिलालेख जेथे कोरला गेला, देशोदेशीची गलबते जेथे लागली आणि परशुरामाशी जिचे नाते परंपरा सांगते, अशी ही भूमी आहे. तिच्या मातीत, तळ्यांत आणि पिंपळाच्या पारांवर शतकानुशतके घडलेले देव विसावले आहेत. ते किती आहेत, कोणत्या गावात आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत, हे मात्र कोणी विचारू नये. उत्तर देऊ शकेल असे दप्तर कोणत्याही गावाकडे नाही.

देव आहेत, पण दप्तर नाही. हिंदू समाजाच्या पाषाणमूर्ती आणि धातुमूर्ती आज ज्या वेगाने नाहीशा होत आहेत, त्याचे सर्वांत मोठे कारण या पाच शब्दांत सामावले आहे. भंजकाने मूर्ती फोडली, चोराने ती विकली, हे सारे खरेच आहे. परंतु जी मूर्ती कोणी पाहून लिहून ठेवलेली नाही, तिचे चित्र कोणी काढलेले नाही, ती नाहीशी झाली हे सिद्ध तरी कसे करावयाचे? नोंद नसलेल्या देवाला न्यायालयात साक्षीदार मिळत नाही आणि इतिहासात ओळ मिळत नाही.

शिल्पांची भूमी

उत्तर कोकणावर नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांचे राज्य होते. स्थानक, म्हणजे ठाणे ही त्यांची राजधानी. इ. स. १०६० च्या सुमारास पूर्ण झालेले अंबरनाथचे शिवमंदिर हा त्या राज्याच्या कलावैभवाचा मुकुटमणी. परंतु मुकुटात एकच मणी नसतो. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे प्रसंग कोरलेले आहेत. भिवंडीपलीकडच्या लोनाडला शिवमंदिर आणि शिलाहारांचा शिलालेख आहे. नालासोपाऱ्याच्या चक्रेश्वर मंदिरात ब्रह्मदेवाची भव्य पाषाणमूर्ती आहे. ब्रह्मदेवाच्या मूर्ती मुळातच विरळा; तशी मूर्ती या तालुक्यात आहे, हे वसई-विरारमध्ये सदनिका घेऊन राहणाऱ्या किती हिंदूंना ठाऊक असेल?

मूर्तीचे नशीब नोंदीवर कसे अवलंबून असते, याचा सर्वोत्तम दाखला याच सोपाऱ्याने दिला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा उकलला. तो निघाला बौद्ध स्तूप. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सुवर्णपुष्पे आणि बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ धातुमूर्ती होत्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेल्या या विद्वानाने कोणती वस्तू कोठे, कशी आणि कोणत्या क्रमाने मिळाली, हे टिपून ठेवले. त्या मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत आणि त्यांचे मूळ स्थान कोणते, यावर जगात कोठेही वाद होऊ शकत नाही. एका माणसाच्या लेखणीने आठ मूर्तींना कायमचे घर दिले. त्याच परिसरातील तळ्याकाठच्या, शेताच्या बांधावरच्या, पडक्या देवळांतल्या हिंदू मूर्तींना असा भगवानलाल पुन्हा भेटला नाही.

त्याच १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गावोगावच्या कोरीव दगडांचे उल्लेख आहेत. ते परकीय सत्तेच्या कारभाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिले. परंतु स्वराज्य मिळून पाऊणशे वर्षे लोटल्यावरही गावातील देव मोजायला त्याच ग्रंथाची पाने उलटावी लागत असतील, तर दोष परकीयांना किती दिवस द्यायचा?

भंजन आणि रक्षण

या भूमीवर मूर्तिभंजनाचे वार झाले, हे सत्य लपविण्याचे कारण नाही आणि ते सौम्य करण्याचेही कारण नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, दोनशे वर्षांहून अधिक काळ, येथील हिंदूंच्या देवळांवर जी संक्रांत ओढवली तिच्या खुणा आजही पुसलेल्या नाहीत. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर लेणे पाहावे. शिवाच्या नृत्यमूर्तीचा पट जेथे कोरला आहे, ते लेणे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी प्रार्थनास्थळ म्हणून वापरले. एका भिंतीवर खोदलेला क्रूस तेथे आजही दिसतो. घारापुरीच्या लेण्यातील शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो कायमचा हरवला. त्या लेण्याला कोणी घडविले, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आज देता येत नाही, कारण उत्तर ज्या दगडावर होते तो दगडच नाहीसा झाला. एक नोंद नष्ट झाली आणि शतकांचा इतिहास आंधळा झाला.

हा हिशेब आज वसईत राहणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यावर डूख धरण्यासाठी मांडायचा नाही. सोळाव्या शतकातील राज्यकर्त्यांचे कृत्य एकविसाव्या शतकातील शेजाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचेही नाही आणि हिंदू संस्कृतीला शोभणारेही नाही. परंतु ‘जुने उकरून काढू नका’ असा उपदेश जे निधर्मी पंडित उठल्यासुटल्या करतात, त्यांना एक प्रश्न विचारावाच लागेल. घाव झाला हे सांगणे म्हणजे सूड मागणे नव्हे. ज्या समाजाला आपल्या जखमांची नोंद ठेवण्याचीही बंदी करायची, त्याने आपल्या वैभवाची नोंद तरी कोणत्या तोंडाने ठेवावी?

त्याच काळात हिंदू समाजाने काय केले, हेही स्मरले पाहिजे. गोव्यात देवळांवर संकट आले तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळला गेला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. ज्यांनी हे देव हलविले त्यांच्यापाशी सैन्य नव्हते की सत्ता नव्हती. पकडले गेल्यास काय होईल याची कल्पना मात्र पुरेपूर होती. दिवाडीच्या सप्तकोटीश्वराचे लिंग विहिरीच्या कामी वापरले गेले, असे परंपरा सांगते. तेथून ते सोडवून नार्व्याला स्थापिले गेले आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. राज्य उभारण्याच्या ऐन धामधुमीत महाराजांना एका लहानशा गावातील शिवलिंगाची आठवण होती. आज कोणाला धामधूम आहे? वेळ आहे, पैसा आहे, सत्ता आहे, हातात छायाचित्रे काढणारा भ्रमणध्वनी आहे. नाही ती केवळ आठवण.

बाजारात उभे केलेले देव

भंजकाचा घण गेला आणि त्याची जागा दलालाच्या तराजूने घेतली. पाश्चात्य देशांतील श्रीमंतांच्या दिवाणखान्यात हिंदू देवतेला ‘कलावस्तू’ म्हणतात. नैवेद्य, आरती आणि उत्सव यांपासून तोडलेली मूर्ती काचेच्या पेटीत उभी केली की तिची किंमत कोटींत जाते. तमिळनाडूतील श्रीपुरंथन या गावच्या चोळकालीन नटराजाची कथा साऱ्या देशाने ऐकली आहे. देऊळ ओस पडले होते, नित्यपूजा थांबली होती. तेथून मूर्ती चोरली गेली आणि गावाला चोरीचा पत्ता लागायलाही बराच काळ गेला. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने पन्नास लाख डॉलरहून अधिक मोल देऊन ती विकत घेतली. विकणारा न्यूयॉर्कचा दलाल सुभाष कपूर होता. २०११ साली तो जर्मनीत पकडला गेला, २०१२ साली भारताच्या ताब्यात आला आणि २०२२ साली कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. नटराज २०१४ साली मायदेशी परतला.

तो परतला कसा? मंत्र्यांच्या भाषणांनी नव्हे, मोर्चांनीही नव्हे. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेने दक्षिणेतील देवळांमधील मूर्तींची छायाचित्रे अनेक दशके काढून ठेवली होती. त्या संग्रहातील छायाचित्र आणि कलादालनातील मूर्ती जुळली, तेव्हा खोटी कागदपत्रे उघडी पडली. वृद्धाचलमच्या अर्धनारीश्वराची पाषाणमूर्तीही जुन्या छायाचित्राच्या बळावरच त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून परत आली. याआधी पत्तूरच्या नटराजाचा खटला लंडनच्या न्यायालयात चालला होता. १९७६ साली जमिनीतून निघालेली ती मूर्ती लंडनच्या बाजारात पोहोचली. मातीच्या आणि धातूच्या तपासण्या झाल्या, तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि पडक्या देवळालाही आपला देव परत मागण्याचा हक्क आहे, हे इंग्लंडच्या न्यायालयाने मान्य केले. १९९१ साली मूर्ती भारतात आली. ज्या देवळात कोणी जात नव्हते, ते देऊळ सातासमुद्रापार खटला जिंकले. हिंदू धर्मशास्त्र देवतेला जिवंत आणि हक्कदार मानते; परदेशातील न्यायाधीशांना पटलेली ही गोष्ट येथील बुद्धिवंतांना अजून पटावयाची आहे.

‘परदेशी संग्रहालयांत मूर्ती निदान सुरक्षित तरी राहतात’, हा युक्तिवाद आता पुरे झाला. चोराच्या घरात ऐवज सुरक्षित असतो म्हणून चोरी पुण्यकर्म ठरत नाही. सुरक्षिततेचा एवढा कळवळा ज्यांना आहे, त्यांनी विकत घेण्यापूर्वी मूर्तीच्या गावाचे नाव का विचारले नाही?

अलीकडच्या वर्षांत चित्र पालटले आहे, हे मान्य केले पाहिजे. पंतप्रधानांच्या अमेरिका भेटीच्या वेळी २०२१ साली १५७ आणि २०२४ साली २९७ प्राचीन वस्तू भारताकडे सोपविण्यात आल्या. मधल्या २०२३ सालीही १०५ वस्तू परत आल्या. जुलै २०२४ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा करार झाला. काशीची अन्नपूर्णा शंभर वर्षांनी कॅनडातून घरी आली. याचा अभिमान बाळगावा, परंतु त्या अभिमानात एक बोचरे सत्य विसरू नये. ज्यांची नोंद आहे, त्यांनाच परतीचा मार्ग ठामपणे दाखविता येतो. चिंचोटीच्या पंचक्रोशीतील एखाद्या पारावरची मूर्ती उद्या परदेशातील लिलावात दिसली, तर ती आमच्या गावची म्हणून कोणता कागद पुढे करणार? दक्षिणेतील खेड्यांना निदान एका परदेशी संस्थेच्या छायाचित्रांचा आधार होता. कोकणातल्या गावाला तोही नाही.

महाराष्ट्राला याची झळ लागली नाही, अशा भ्रमात कोणी राहू नये. दिवेआगरला १९९७ साली नारळी-पोफळीच्या बागेत सुवर्णगणेश प्रकटला आणि २०१२ च्या मार्चमध्ये दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन रखवालदारांचा जीव घेऊन तो पळविला. मुखवटा वितळविला गेला. शतकांपूर्वीच्या कारागिराची करामत काही मिनिटांत लगडीत बदलली. परत मिळाले ते सोने. त्यातून नवा मुखवटा घडवून २०२१ साली त्याची स्थापना झाली. श्रद्धा पुन्हा उभी राहिली, पण गेलेली कला कोणत्याही सोन्यातून परत येत नसते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जालना जिल्ह्यातील जांबसमर्थ येथून, समर्थ रामदासांच्या जन्मगावातून, त्यांच्या देवघरातील रामपंचायतनाच्या मूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी काही आठवड्यांत त्यांचा छडा लावला, कारण त्या मूर्ती साऱ्या महाराष्ट्राला ओळखीच्या होत्या. ज्या मूर्तींना अशी ओळख नाही, त्यांच्यासाठी कोणते पोलीस कोठे शोध घेणार?

घरातले भंजक

येथवर बोट दाखविले ते इतरांकडे. आता आरसा समोर धरला पाहिजे. गेल्या पन्नास वर्षांत जुन्या मूर्तींची सर्वाधिक हानी कोणी केली, याचे प्रामाणिक उत्तर हिंदू समाजाला सुखावणारे नाही. जीर्णोद्धार या पवित्र शब्दाच्या नावाखाली गावोगावी जे चालले आहे, ते पाहून डोळे पाणावतात. शिलाहारकालीन, यादवकालीन देवळाचे कोरीव खांब काढून तेथे चकचकीत फरशा बसवायच्या. काळ्या पाषाणाच्या मूर्तीला तैलरंगाचा थर द्यायचा. ‘जुनी झाली’ म्हणून तिला बाजूला सारून संगमरवराची नवी आणायची. आणि जुनी कोठे गेली असे विचारले की ‘विसर्जन केली’ म्हणून हात झटकायचे. पोर्तुगीजांनी जे द्वेषापोटी केले, ते येथे भक्तिभावाने होत आहे. मूर्तीच्या दृष्टीने या दोहोंत फरक कोणता?

खंडित मूर्ती पूजू नये, असे सांगितले जाते. नियम आहे, परंतु तो अर्धाच सांगितला जातो. मेवाडच्या महाराणा कुंभांच्या आश्रयाला असलेल्या सूत्रधार मंडनाच्या शिल्पग्रंथांत उरलेला अर्धा नियमही आहे. ज्या मूर्तीला शंभर वर्षे उलटून गेली आणि जिची स्थापना थोरांच्या हातून झाली, ती व्यंग असली तरी पूज्यच असते आणि तिची पूजा निष्फळ होत नाही, असा त्याचा आशय आहे. योगायोग असा की, १९७२ चा पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायदाही मूर्तीला पुरावशेष ठरविताना शंभर वर्षांचीच मर्यादा घालतो. शास्त्र आणि कायदा या दोघांनी जिला अभय दिले, तिला नदीत लोटण्याचा अधिकार मंदिराच्या विश्वस्तांना किंवा कंत्राटदाराला कोणी दिला?

धातुमूर्तींची अवस्था याहून करुण आहे. चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाची प्रतिमा घडवून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओतण्याची रीत सविस्तर सांगितली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा, याचे प्रमाणही दिले आहे. साचा एकदाच वापरायचा आणि फोडायचा, म्हणून अशी प्रत्येक मूर्ती जगात एकमेव. मराठी घराच्या देवघरातही हे धन होते. पणजीच्या सासरहून आलेली पितळेची अन्नपूर्णा, कुलदैवताचे चांदीचे टाक, बाळकृष्ण. भावांची वाटणी झाली, वाडा पाडून इमारत उभी राहिली, नव्या सदनिकेत देवघराला फळी तेवढी उरली आणि जुने टाक मोडीत गेले. टाक उजळून घेण्याची रीत होती, मोडून टाकण्याची नव्हती. वजनावर विकलेल्या देवाची पावती मिळते. त्याची पिढ्यान् पिढ्यांची कथा पावतीवर लिहिलेली नसते.

याउलट ज्यांना नागर समाज अडाणी समजतो, त्यांनी काय केले ते पाहावे. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी पाड्यांवर राहणाऱ्या वनवासी बांधवांनी, आगरी-कोळ्यांनी, शेतावर राबणाऱ्या कुणब्याने बांधावर सापडलेला कोरीव दगड फेकून दिला नाही. त्याला पारावर ठेवले, शेंदूर लावला, वर्षाकाठी नारळ दिला. तो विष्णू आहे की सूर्य, हे त्याने विचारले नाही. देव आहे, एवढे त्याला पुरले. कोकणातल्या कितीतरी मूर्ती आजवर टिकल्या त्या पुरातत्त्व खात्याच्या फलकाने नव्हे, या शेंदराच्या बोटाने. आज तो पार रस्तारुंदीत जातो, तो बांध भूखंडात जातो आणि राखणदारच विस्थापित झाल्यावर देव कोणाच्या भरवशावर राहणार?

शासनाची झोप

कायदे नाहीत असे नाही. जमिनीत गुप्त ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळविण्याचे बंधन १८७८ पासून आहे. १९७२ चा कायदा १९७६ पासून अमलात आला. मूर्तींची नोंदणी आणि निर्यातबंदी या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. परंतु कोट्यवधींचा देव देशाबाहेर नेणाऱ्याला या कायद्यात शिक्षा किती? सहा महिन्यांपासून फार तर तीन वर्षे. दलालाच्या नफ्यापुढे ही शिक्षा म्हणजे धंद्यातला किरकोळ खर्च. आणि नोंदणी? कोणत्याही गावात जाऊन विचारावे. मूर्ती नोंदवायची असते, हेच ठाऊक नसते. २००७ साली स्मारके आणि पुरावशेष यांच्या नोंदीसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०१३ साली महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला, तेव्हा केंद्राने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. जेथे मोठाल्या स्मारकांचा ठावठिकाणा लागत नाही, तेथे हातभर उंचीच्या मूर्तीची काय कथा?

येत्या काळात हा प्रश्न चिंचोटीच्या दारात येऊन ठेपणार आहे. विरार-अलिबाग मार्गिका, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, अहमदाबादकडे जाणारी अतिवेगवान रेल्वे, हे सारे प्रकल्प वसई आणि पालघरच्या याच मातीतून जात आहेत. विकासाला विरोध नाही. रस्ते व्हावेत, रेल्वे धावावी. परंतु यंत्राचा फाळ जमिनीत उतरण्यापूर्वी त्या पट्ट्यातील पार, तळी, बांध आणि पडकी देवळे यांची पाहणी झाली का, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. झाडे किती तोडणार याचा आकडा ठेकेदार देतो. देव किती हलविणार, याचा आकडा कोणी मागितला आहे?

मागितला तर काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९३१ साली परळ-शिवडीच्या बाजूला रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून शिवाची सात आकृत्यांची अद्वितीय शिळा निघाली. ती परळच्या बारादेवी मंदिरात ठेवली गेली आणि आजही तेथे पूजेत आहे. तिची साचातून काढलेली प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अभ्यासकाला अभ्यास मिळाला, भक्ताला देव मिळाला आणि देवाला त्याची जागा मिळाली. मूर्ती संग्रहालयात की देवळात, हा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना या शिळेने नव्वद वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

नोंद हीच पूजा

समाजाने करावयाचे काम अवघड नाही. प्रत्येक गावातील आणि पाड्यावरील जुनी मूर्ती, वीरगळ, गधेगळ, कोरीव खांब यांची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. जागा, दिशा आणि गावात चालत आलेले देवाचे नाव लिहावे. मागची बाजू आणि पायथा विसरू नये, कारण मूर्तीची ओळख पटते ती अशाच खुणांवरून. एक प्रत गावाच्या दप्तरी, एक पुरातत्त्व खात्याकडे आणि एक तालुक्यातील महाविद्यालयात ठेवावी. जीर्णोद्धाराचा ठराव जुन्या मूर्तीची नोंद झाल्यावाचून होऊ देऊ नये. तज्ज्ञाला विचारल्याशिवाय रंग, लेप, घासकाम काहीही करू नये. खंडित म्हणून विसर्जन करण्यापूर्वी शंभर वर्षांचा नियम वाचावा. खोदकामात मूर्ती निघाली तर काम थांबवून तहसीलदाराला कळवावे. घरातील टाक आणि मूर्ती मोडीत देण्यापूर्वी त्या कोणी, कोठून आणल्या हे घरातील वृद्धांकडून लिहून घ्यावे. सणासुदीला हजारो तरुण ढोलताशांच्या पथकांत उतरतात. त्यांतील दहा जणांनी एक रविवार पावसात भिजण्याऐवजी चिंचोटी ते कामण या पट्ट्यातील पार फिरून पाहण्यात घालविला, तर एका तालुक्याचे दप्तर एका हंगामात उभे राहील.

मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते ती मंत्राने. परंतु प्राण आल्यावर देवाला नाव, गाव आणि स्थान लागते, आणि ते जपण्याचे कर्तव्य भक्ताचे असते. हरवलेले मूल शोधायला निघालेल्या आईला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘फोटो आहे का?’ सातासमुद्रापार हरवलेल्या देवांच्या वतीने जगातील न्यायालये हाच प्रश्न विचारीत आहेत. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी शेंदराखाली शतकानुशतके वाट पाहत बसलेला देव आज नवस मागत नाही, कळस मागत नाही, संगमरवराची फरशीही मागत नाही. आपले नाव एका वहीत लिहिले जावे, एवढेच तो मागतो. जो समाज आपल्या देवाला एवढेही देऊ शकत नाही, त्याने मूर्तिभंजकांना शिव्याशाप देण्याचा अधिकार गमावला आहे असे समजावे. आणि जो समाज ही वही लिहायला घेईल, त्याच्या देवांना लुटून नेण्याची हिंमत करणाऱ्या प्रत्येक दलालाला यापुढे एका साक्षीदाराला सामोरे जावे लागेल.